एल-५ एस-१ डिस्कचं (कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी) ऑपरेशन ठरलंय, घरची आणि अंगाची तयारी काय करू? (येळ्ळूर, बेळगाव)

फिटर_येळ्ळूर

नमस्कार मंडळी. वय ४१, उद्यमबागेत मशीन शॉपला काम, घरी थोडी भातशेती. लावणीच्या दिवसांत कमरेत उसण भरली म्हणून तेल चोळून घेतलं. पुढं दुखणं कमरेतून सुटलं आणि डाव्या कुल्ल्यातनं मांडीच्या मागच्या बाजूनं पोटरीत, तिथनं करंगळीपर्यंत उतरलं. आता कंबर एवढी दुखत नाही, खरं पाय पाच मिनटं बसू देत नाही. जेवतो उभ्यानंच.

एमआरआयमध्ये एल-५ एस-१ ला डाव्या बाजूनं डिस्क बाहेर येऊन एस-१ ची नस दाबलीय असं आलंय. गोळ्या, फिजिओ, नसेजवळचं इंजेक्शन, सगळं करून झालं. इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटलं, मग परत तेच. आता डाव्या चवड्यावर उभं राहायला गेलो तर टाच उचलतच नाही. बेळगावच्याच सर्जननी मायक्रोडिस्केक्टॉमी (लहान चीर देऊन डिस्कचा बाहेर आलेला तुकडा काढणं) सांगितलीय, तारीख दोन आठवड्यांनंतरची दिलीय.

विचारायचं असं की, आई म्हणते सुगी होऊ दे मग बघू. थांबलं तर चालेल काय? घरी संडास परसात, तोही बसायचा. झोपणं जमिनीवर. ईएसआय (कामगार विमा) कार्ड आहे, रेशनकार्ड पण आहे, कुठलं कुठं चालतं कळत नाही. बायको घाबरलीय. ज्यांचं झालंय त्यांनी खरंखरं सांगा, धीर द्यायला म्हणून नको.

मिरजकर_काका

माझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. त्या वेळी चीर मोठी असायची, आता दोन-तीन सेंटीमीटरमध्ये भागतं म्हणतात. घाबरू नको, पण डोळे मिटूनही जाऊ नको.

दुसरं मत घ्यायला कोल्हापूर-मिरज गाठायलाच पाहिजे असं नाही. बेळगावातच दुसरा सर्जन गाठ. मात्र जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नको, फिल्म आणि सीडी ने. रिपोर्टात चाळिशीच्या कुणाच्याही कमरेत चार गोष्टी निघतात. सर्जनने फिल्म लावून तुला दाखवावं की ही डिस्क, ही नस, आणि तुझा पाय दुखतो तो हिच्यामुळं. तिन्ही एका ओळीत बसलं तरच ऑपरेशनला अर्थ. तुझं बसतंय असं दिसतं, कारण करंगळीकडचा बधिरपणा आणि टाच न उचलणं ही एस-१ चीच खूण. एल-५ ची नस असती तर अंगठा वर करायला जड गेलं असतं.

आणि एक विचार: फक्त बाहेर आलेला तुकडा काढणार की स्क्रू-सळ्या घालणार? पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या डिस्कला बहुतेक वेळा स्क्रू लागत नाहीत. मणका सरकलेला असेल, अस्थिर असेल, तर गोष्ट वेगळी. कुणी स्क्रू म्हणालं तर ‘का?’ एवढं विचारायचं. चांगला सर्जन रागवत नाही.

चिक्कोडीची_साखर

कृपा करून ऑपरेशन करून घेऊ नका!! कमरेला चाकू लावला की माणूस कायमचा गेला. आमच्या मावसभावाचं केलं, दोन वर्षांत परत दुखणं सुरू. आमच्याकडं एका गावात वैद्य आहेत, पाय ओढून डिस्क बसवतात, वर पुड्या देतात. शेकडो लोक बरे झालेत.

भूलतज्ज्ञ_हुबळीकर

मूळचा शहापूरचा, आता हुबळीत भूल देतो. मावसभावाचं वाचून वाईट वाटलं. शंभरातल्या ५ ते १५ जणांना त्याच जागी डिस्क परत त्रास देते, हे खरंच आहे आणि ऑपरेशनआधी सांगितलं पाहिजे. पण ‘ओढून बसवणं’ म्हणजे काय ते समजून घ्या. डिस्कचा आतला मऊ गर बाहेरच्या कड्याला भेग पाडून बाहेर आलेला असतो. तो ओढून परत आत जात नाही. ज्यांना बरं वाटतं त्यांचा गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेत असतं. बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत असाच निवळतो, वैद्याकडं जावो न जावो. श्रेय त्या आठवड्यात जो हात लावेल त्याला मिळतं.

नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. पाय सहा ते बारा आठवडे जोरात दुखणारी माणसं. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवलं. वर्षअखेर दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के बरे होते. म्हणजे थांबणं हाही रस्ता आहे. फक्त ऑपरेशनवाले साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना बारा लागले, आणि थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटी टेबलावर जावंच लागलं.

पण फिटरदादांचं दुखणं त्याहून जुनं आहे. चार ते बारा महिने पाय धरलेल्या १२८ रुग्णांवर कॅनडात झालेला अभ्यास २०२० साली आला. त्यात सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा चांगलंच कमी होतं. वर तुमच्या पायातली ताकद जाऊ लागलीय. सुगीसाठी थांबायचं का हे सर्जनला विचारा, पण ‘टाच उचलत नाही आणि ते वाढतंय’ असं स्पष्ट सांगून विचारा. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या टाचेत आहे.

आणि हे सगळ्यांनीच वाचा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघा आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीला जायचं. तिथं तास मोजले जातात.

पुड्यांबद्दल एकच. वैद्यांच्या दुखण्याच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. घेतल्या असतील तर भूलतज्ज्ञाला सांगा, कोण रागावत नाही. स्टेरॉईडनं साखर वाढते, जखम भरायला वेळ लागतो, आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडू शकतो.

चिक्कोडीची_साखर

डॉक्टर लोक असंच म्हणणार.

ऍडमिन

वैद्यांचा पत्ता, फोन इथं कुणी टाकू नये. मावसभावाचा अनुभव राहू दे.

फिटर_येळ्ळूर

पुड्या आईनं आणल्या होत्या, दोन-चार घेतल्यात. सांगतो. डॉक्टर, भूल देण्याआधीच्या तपासणीला काय काय असतं? गोळ्या बंद कराव्या लागतात काय?

भूलतज्ज्ञ_हुबळीकर

रक्ताच्या तपासण्या, साखर, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे. एवढं बहुतेक ठिकाणी होतं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखरही (एचबीए१सी) बघतात, ती ८ टक्क्यांच्या वर असली की बरेच सर्जन तारीख पुढं ढकलतात. जंतुसंसर्ग कुठंही असला, दाढेत पू, लघवीत जळजळ, पायाला चिघळलेली जखम, तर आधी तो बरा करायचा. मणक्याजवळ जंतू गेले तर फार छळतात.

गोळ्या स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका, मात्र प्रत्येकीची स्ट्रिप पिशवीत घालून न्या. नाव आठवत नाही, ‘ती पांढरी, छोटी’ असं सांगितलं की आम्ही काय समजायचं? रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. साखरेची मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या सकाळी घेत नाहीत. साखरेच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवतात, ही गोष्ट घरोघर विसरली जाते. बीपीची अॅम्लोडिपीन बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असलेल्या त्या सकाळी वगळतात. अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

उपाशी राहणं. जड, तेलकट जेवण आठ तास आधी बंद. इडलीसारखं हलकं सहा तास. दूध हे जेवणच धरा, चहात घातलेलं सुद्धा. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दवाखान्यानं त्याहून आधी बंद करायला सांगितलं तर ते पाळा. पहाटे देवाला नमस्कार करून तीर्थ-प्रसादाचा पेढा खाल्ला म्हणून केस पुढं गेलेली मी बघितलीय.

आता तंबाखू. निपाणी भाग आपला, मला सांगायची गरज नाही. विडी, सिगारेट, गुटखा, चुना-तंबाखू, आणि बायकांची मिश्री, सगळं एकच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं. चार आठवडे आधी सोडलेलं उत्तम. तेवढे दिवस हातात नसतील तर आज सोडलेलं उद्यापेक्षा बरं. ‘व्यसन आहे काय?’ असं विचारलं की मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या हिशेबी ते दात घासणं असतं. विचारताना मिश्री असंच विचारायला पाहिजे, हे मी आता शिकलोय.

ऑपरेशन पालथं झोपवून होतं, घशात नळी असते. हलणारा दात, कवळी, घोरणं, झोपेत श्वास अडकणं, आधी कधी भूल घेतली असेल तर तेव्हा उलट्या झाल्या असतील ते, घरात कुणाला भूल बाधली असेल ते, सगळं सांगा. सर्दी-खोकला झाला तर आदल्या दिवशीच फोन करा.

अण्णा_रेशनवाले

पैशाचं मी सांगतो, बाकीचं डॉक्टरांनी सांगितलंच.

ईएसआय असेल तर पहिला दरवाजा तोच. ईएसआयच्या दवाखान्यातून वर पाठवण्याची चिठ्ठी घेऊन जोडलेल्या हॉस्पिटलला गेलं की बिल आपल्या खिशातून जात नाही. शिवाय रजेचं बघ. आजारपणाची भरपाई पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते, वर्गणीच्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची हजेरी भरलेली असली की. डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेळेत भर, पगारपत्रक बघणाऱ्या माणसाला आधीच गाठून ठेव. ऑपरेशन झाल्यावर आडवं पडून असल्या खटपटी होत नाहीत.

ईएसआय नसणाऱ्यांसाठी: आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. बीपीएल रेशनकार्ड असेल तर घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. खरं गंमत अशी की ठरवून करायच्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. थेट खासगीत जाऊन दाखल झालं आणि मग कार्ड पुढं केलं तर लोक अडकतात. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी आरोग्य योजना आहे का बघा, ती मधे बंद पडून परत सुरू झालीय.

आणि महाराष्ट्र सरकारची महात्मा फुले योजना. २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू करायचं ठरलं, कर्नाटकानं हरकत घेतली. आपल्या गावाला, आपण जाणार त्या हॉस्पिटलला आज ती चालते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडंच (योजनेचा हॉस्पिटलातला माणूस) विचारायचं. पुढाऱ्याचं भाषण ऐकून पेशंट गाडीत घालू नका.

जय_बेळगाव

८६५ गावांचा हक्क आहे तो! कर्नाटक सरकार मराठी माणसाला औषधसुद्धा

ऍडमिन

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं लिहा. इथं माणसाची कंबर आहे.

फिजिओ_खानापूर

दादा, आधीचे दोन आठवडे फुकट घालवू नका. ऑपरेशननंतर जे करायचंय ते आत्ताच शिकायचं, कारण नंतर टाके ताणत असताना नवीन शिकणं जड जातं.

अंथरुणातून उठणं. सरळ पाठीवरून उठून बसायचं नाही. गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय कडेला खाली सोडत हातानं रेटा देऊन बसायचं. झोपताना उलटं. आत्ताच दिवसातून काही वेळा करा, घरच्यांनी बाजूला उभं राहून बघा. खुर्चीतनं हात न टेकता उठणं करून बघा. जमत नसेल तर खुर्ची उंच घ्या.

म्हणूनच जमिनीवर झोपणं सहा आठवडे बंद. खाट किंवा कॉट अशी हवी की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकावेत आणि गुडघे कमरेहून वर जाऊ नयेत. दोरीची लोंबकळणारी बाज नको. फार मऊ गादी नको, पण फळीवर झोपायचीही गरज नाही, ही जुनी समजूत आहे.

बसायच्या संडासावर पूर्ण उकिडवं बसलं की कमरेचा बाक सगळा शेवटच्या डिस्कवर येतो, म्हणजे नेमका तुमच्या जागेवर. मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, भाड्यानंही मिळते, ती संडासावर ठेवायची. परसात जायचा रस्ता रात्रीचा कसा आहे बघा. पायरी, शेवाळ, बल्ब आहे की नाही. तुमचा डावा चवडा कमजोर आहे, ठेच लागायची शक्यता जास्त. घसरत्या रबरी चपला नकोत, मागं पट्टा असलेली घाला.

ऑपरेशननंतर चालणं हेच मुख्य औषध. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. घरी आल्यावर अंगणात थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. जिने चढता येतात. चालत नाही ते वाकणं, पिळणं आणि उचलणं. भरलेली घागर म्हणजे दहा-पंधरा किलो. सुरुवातीला दोन-तीन किलोच्या वर काहीच नाही, लेकरू सुद्धा कडेवर नाही. ते पळत येऊन अंगावर झेपावतं, त्याला आधी शिकवून ठेवा की बाबा बसलेले असतानाच जवळ यायचं. कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच, सांगितला तेवढे दिवसच.

सून_शहापूरची

माझ्या सासऱ्यांचं गेल्या वर्षी झालं. माग चालवायचे, वाकून वाकून गेलेली कंबर. डॉक्टरांनी आणि फिजिओताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं ते मी सांगते. भाऊजी, वहिनींना वाचायला द्या हे.

नळाला पाणी येतं त्या दिवशी ड्रम कोण भरणार ते आधी ठरवा. पेशंट कॉटवर पडून ‘मी एक बादली घेतो’ म्हणतो आणि आपण नको म्हणेपर्यंत उठलेला असतो. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा: चार्जर, चष्मा, पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा. खाली पडलेली वस्तू त्यांनी उचलायची नाही म्हणजे नाही. आमच्याकडं सासरे काठीनं ढकलून ढकलून रिमोट भिंतीपर्यंत न्यायचे.

दाखल होताना: सगळे जुने रिपोर्ट, फिल्म, गोळ्या, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, पुढून बटणांचा सैल शर्ट, नाडीची सैल पँट, कारण टाके कमरेला. अंगठी, कमरेचा करदोटा, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेवा, तिथं काढायला लावलं की आईंच्या डोळ्यांत पाणी येतं. बायका असतील तर नेलपॉलिश काढा, नथ, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवून जा. आदल्या रात्री आणि सकाळी साबणानं आंघोळ. पाठीवरचे केस घरी ब्लेडनं काढू नका, बारीक चिरा पडतात, तेच जंतूंना आवडतं. लागलं तर ते मशीननं काढतात.

संमतीपत्र इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतं. मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका. आमच्या वेळी सिस्टर मूळच्या बैलहोंगलच्या, कन्नडच बोलायच्या, पण वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरना बोलावून प्रत्येक ओळ सांगितली. त्यातच कळलं की नसेभोवतीचं आवरण कधीकधी फाटतं, मग तिथंच टाका घालतात आणि एक-दोन दिवस सपाट झोपवून ठेवतात. आधी ऐकलेलं असलं की तसं झालं तरी घर हादरत नाही.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधतं. जोर लावला की कमरेत कळ येते. पहिल्याच दिवसापासून पाणी, पालेभाजी, पपई, रात्री इसबगोल, डॉक्टरांनी सांगितलं तर औषध. ‘ताकद यायला’ म्हणून तुपातला शिरा आणि कुंदा घेऊन येणारे येतील. कुंदा आपण खायचा.

आणि सगळ्यात मोठं, बघायला येणारे. भाऊबंद, गल्ली, कारखान्याचे, लग्नात एकदा भेटलेले. येतात, समोर खुर्ची ओढतात, आणि पेशंटला मान म्हणून उठून बसावं लागतं. एक तास बसणं म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत अंगावर संकट. त्यात प्रत्येकाच्या ओळखीत एक जण असतो ज्याचं ऑपरेशन फसलं. मी दारातच सांगायची, डॉक्टरांनी वीस मिनटांवर बसू द्यायचं नाही म्हटलंय, ते झोपूनच बोलतील. वाईटपणा माझ्याकडं आला. येऊ दे.

मिरजकर_काका

सूनबाई, बघायला येणाऱ्यांबद्दल लिहिलंत ते लाखातलं एक. मी तर झोपेचं सोंग घ्यायचो.

फिटर_येळ्ळूर

सगळ्यांचे आभार. भूलेची तपासणी झाली. पुड्यांबद्दल सांगितलं, डॉक्टरांनी नोंद केली आणि साखर परत तपासली, ठीक आहे. खालचा एक दात हलतोय म्हणून दातांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, काढून टाकला. बीपी थोडं चढलेलं, दुखण्यामुळं असेल म्हणाले, गोळी सुरू केलीय.

सर्जनना सुगीचं विचारलं. त्यांनी मला एका पायावर उभं करून टाच उचलायला लावली आणि आईलाच विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आई काही बोलली नाही. घरी आल्यावर चुलत्यांशी बोलून भातकापणी पैऱ्यानं (एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबून) करायचं तिनंच ठरवलं. आता चांगळेश्वरीला नारळ ठेवलाय.

स्क्रूचं विचारलं, नाही म्हणाले, फक्त तुकडा. काय जाईल, काय राहील तेही विचारलं. पायातली कळ जायची शक्यता चांगली, कमरेचा जडपणा थोडा राहू शकतो, ताकद किती परत येईल ते सांगता येत नाही, आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी पूर्ण जातही नाही. खरंखरं हवं होतं ते मिळालं. बायकोची भीती मात्र संमतीपत्र वाचून वाढलीय.

भूलतज्ज्ञ_हुबळीकर

वहिनींना सांगा, त्या यादीतली प्रत्येक गोष्ट होते म्हणून लिहिलेली नाही, होऊ शकते म्हणून लिहिलेली आहे. तुम्हाला थिएटरमध्ये नेताना त्यांना दारापर्यंत येऊ द्या, आणि बाहेर कुठं थांबायचं, कोण येऊन सांगणार, हे आधी विचारून ठेवा. ऑपरेशन तासा-दीड तासाचं, पण आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत तीन तास सहज जातात, भूल देणं, पालथं करणं, जागं करणं धरून. हे माहीत नसलं की बाहेरचा माणूस दुसऱ्या तासाला रडायला लागतो.

फिटर_येळ्ळूर

घरी आलोय. कुशीवर झोपून टाईप करतोय, चुका पोटात घाला. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट ही की पोटरीतली ती कळ नव्हती. जखम दुखते, खरं ते वेगळं दुखणं आहे, सोसतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं. करंगळी अजून बधिर. टाच उचलायला गेलो तर थोडी थरथरते, उचलत नाही अजून.

कुशीवरनं उठायचं आधी शिकलो होतो ते फार कामाला आलं. शेजारच्या बेडचे काका सरळ उठायला जाऊन ओरडत होते, बायकोनंच त्यांना शिकवलं. कमोड खुर्ची भाड्यानं आणली, परसात दोन बल्ब लावले. बघायला येणाऱ्यांना वीस मिनटांचा कायदा लावलाय, आई स्वतः दारात बसते.

निपाणी_नाका

माझ्या आईचं पण असंच सांगितलंय, एल-४ एल-५. मिश्री लावते, सोडायला तयार नाही. काय करू?

सून_शहापूरची

नुसतं सोड म्हणू नका. हातात दुसरं काहीतरी द्या, लवंग नाहीतर साधं दंतमंजन, आणि पहिले काही दिवस चिडचिड होणार हे धरून चाला. डब्बी घरात ठेवू नका. डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा, मुलाचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात.

फिटर_येळ्ळूर

फिजिओताई, टाके काढायला बोलावलंय. स्कूटर कधी? कारखान्यात कधी? उद्यमबागेचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच.

फिजिओ_खानापूर

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. त्याआधी जखमेतून पाणी, पू, ताप, किंवा उभं राहिल्यावर डोकं फुटेल असं दुखणं आणि झोपल्यावर थांबणं, असं काही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं. स्कूटर सहा आठवड्यांच्या आधी नाही, तीही सर्जननी हो म्हटल्यावर. मागं बसून सुद्धा नाही, खड्ड्यात मागच्यालाच जास्त बसतं. बसमधून यावं लागलं तर मधल्या सीटवर बसा, शेवटच्या नको. बसून करायचं काम असेल तर काही जण चार-सहा आठवड्यांत जातात, पण तुमचं काम जड कास्टिंग (ओतीव भाग) उचलायचं आहे, त्याला तीन महिने धरा, आणि सुपरवायझरकडून आधी हलकं काम लिहून घ्या. टाचेसाठी व्यायाम टाके निघाल्यावर सुरू करू. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा एकदम उचलायच्या, मग हळूहळू वजन डाव्यावर. येताना ती पट्ट्याची चप्पल घालून या, मागच्या वेळी रबरीच घालून आला होता.